रिकाम्या तिरडीवरचा झगा

क्तेसियासदादा,

हे पत्र पाठवू तरी कुठे? तीन महिन्यांपूर्वी तुझं जहाज बुडालं, प्रेत मिळालं नाही, म्हणून आज सकाळी आम्ही रिकामी तिरडी उचलली. वर तुझा झगा आणि मी कापून वाहिलेले माझे केस. आई नकोच म्हणत होती. आत्या कडाडली, "विधी केला नाहीस तर पोरगा पाताळाच्या दाराशी ताटकळेल!"

परतलो, तर अंगणात एक खलाशी उभा. "क्तेसियास? महिन्यापूर्वी कोरिंथच्या धक्क्यावर भेटला की! पुढे कुठे गेला, देव जाणे."

आई हसली. बाबांनी कपाळावर हात मारला. ज्याचा विधी झाला तो आपल्यात मेलेलाच. त्याला देवळात जागा नाही, कुणी शिवणारही नाही. सुटका एकच: बायकांनी त्याला तान्ह्या बाळासारखं न्हाऊ घालायचं, दुपट्यात गुंडाळायचं, पाजायचं.

"एवढा दाढीवाला घोडा!" बाबा म्हणाले. "तो हे करून घेईल?"

"एकदा जन्माला घातलाय," आई म्हणाली, "पुन्हा घालीन."

आता ती चादरी फाडून जोडत बसलीय. सारखी विचारते, "मेलित्ता, केवढा झालाय गं तो?"

दादा, मी हात पसरते. पुरत नाहीत.

तुझं सुतक धरून बसलेली,
मेलित्ता