टाकीचं बिल आणि दादाची होडी

प्रिय दादा,

जयभीम.

परवा तुला जाऊन वर्ष झालं. भन्तेजी आले, पुण्यानुमोदन झालं, माणसं जेवून गेली. निघताना मी तुझ्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये थांबले. होडी आहे तिथेच आहे, निळ्या ताडपत्रीखाली पालथी. सोसायटीने वहिनीला नोटीस दिलीय, हलवा नाहीतर भंगारात देऊ. म्हणून हे पत्र.

नाही, खोटं कशाला बोलू? नोटीस हे निमित्त झालं. माझ्या पर्समध्ये एक बिल आहे. उद्या ते घेऊन तुझ्या होडीची नोंदणी करायला निघायचंय, आणि तुला सांगितल्याशिवाय पाय उचलत नाहीये.

तुला ते लच्छूशेठचं वर्कशॉप आठवतं ना, कॅम्प पाचमधलं? काय विचारतेय मी! तुझे सगळे रविवार तिथेच तर गेले. शेठ फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवणारा आणि तू अंबरनाथच्या कंपनीतला फिटर. दोघांनी मिळून होडी करायला घेतली तेव्हा आम्ही किती हसलो होतो! बदलापूरला घर आणि होडी कुठे चालवणार, तर म्हणे कल्याणच्या खाडीत. तू घरी यायचास तेव्हा अंगाला रेझिनचा वास. वहिनी तुला आंघोळ केल्याशिवाय ताट वाढायची नाही.

होडी तयार झाली आणि शेठ म्हणाला, "भाऊ, मेरे यहाँ टाकी का बिल बनता है, नाव का नहीं बनता." तू मला फोन केलास. मी टॅक्सवाल्याच्या ऑफिसात कामाला, म्हणजे घरातली वकिलीणबाई! आणि वकिलीणबाई काय म्हणाल्या? "चालेल रे, टाकीचंच घे. कोण बघतंय?"

चहा पिता पिता म्हणाले होते मी ते. कप खालीसुद्धा ठेवला नव्हता.

पण तू बघणारा होतास! रजा टाकून तू बंदराच्या ऑफिसात गेलास. तिथल्या साहेबांनी कागद उलटसुलट केला आणि विचारलं, "ही टाकी आहे. होडी कुठाय?" होडी कोणी बांधली त्याचा दाखला हवा. ती तुझ्या मालकीची आहे याचा पुरावा हवा. मग माणूस येऊन ती तपासणार, मग नंबर मिळणार, तो दोन्ही बाजूंना ठळक रंगवायचा. तेव्हा कुठे ती कायद्याने होडी आणि कायद्याने तुझी. इंजिनाचं मात्र तुझ्याकडे पक्कं बिल होतं. म्हणजे सरकारच्या लेखी तू एक इंजिन आणि एक टाकी बाळगून होतास. हे तू आम्हाला हसत हसत सांगितलंस आणि मीही हसले. मला तेव्हा हसू कसं आलं, दादा?

काम अवघड नव्हतंच. शेठकडून खरं बिल आणि बांधणीचा दाखला घ्यायचा, एक प्रतिज्ञापत्र करायचं. तू म्हणालास, "बेबी, तेवढं तू बघ, मला त्यातलं कळत नाही." मी म्हणाले, मार्च जाऊ दे. मग म्हणाले, रिटर्नची गडबड संपू दे. मग दिवाळी आली. तू एकदाही चिडला नाहीस. चिडायचं होतंस रे! एकदा तरी माझ्या दारात येऊन ओरडायचं होतंस.

आणि तुझंही चुकलंच. तशीच घालायची होतीस पाण्यात! खाडीत काय सगळ्यांकडे कागद असतात? मी तसं म्हणालेही होते. बारवी धरणावर डबे घेऊन गेलो होतो ना, तेव्हा. समोर एवढं पाणी पाहून मी म्हटलं, इथेच सोड की, कोण येतंय बघायला. तू डब्यातून मान वर काढलीस. "हे पिण्याचं पाणी आहे, इथे परवानगी नाही. आणि दुसरीकडेही बिनकागदाची नाही घालणार. आपल्या आज्याकडे जमिनीचा कागद नव्हता, घराचा नव्हता. कोणीही यायचं आणि ऊठ म्हणायचं. माझ्या होडीतून मला कोणी ऊठ म्हणायला नको." मग तू परत भाकरी खाऊ लागलास.

लाइफ जॅकेटं मात्र तू सगळ्यात आधी आणली होतीस, होडीला तळ नव्हता तेव्हा. कायद्यात लागतात म्हणून. नारिंगी जॅकेटं दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत लटकलेली, आणि शेजारी विचारायचे, पूर येणार आहे का?

तुझं हृदय असं अचानक थांबेल हे कोणाला माहीत होतं? पण हे म्हणून मी सुटत नाही. होडी पाण्याला न लागता तू गेलास. त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना वहिनी माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "बेबीताई, एवढं एक काम होतं." बस. त्यानंतर वर्षभर मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिने काही बंद केलं नाही, मीच तोंड चुकवत राहिले.

मागच्या आठवड्यात मी शेठकडे गेले. मला बघून तो रडलाच. मग डोळे पुसून म्हणाला, "दीदी, टेन्शन मत लो. नया बिल बना देता हूँ, फाइबर बोट, तुम्हारे नाम से. झंझट खतम." आणि मी काय म्हणाले असेन?

चालेल म्हणाले, दादा! परत तेच!

तेच बिल पर्समध्ये आहे. त्याच्यावर तुझा मृत्यूचा दाखला लागत नाही, वारसांची संमती लागत नाही. आणि मुख्य म्हणजे वहिनीच्या दारात जाऊन सही मागावी लागत नाही. होडी आत्ताच बनली आणि पहिली मालकीण मी. तू ती बांधलीच नाहीस. वहिनीची आणि तुझ्या लेकीची, श्रेयाची, तर ती कधी नव्हतीच. आठवडाभर मी स्वतःला सांगत होते की हे सगळं दादासाठी चाललंय, होडी एकदाची पाण्यात जाईल. अर्जात होडीचं नाव लिहायचं होतं, तिथे मी 'प्रकाश' लिहिलं. तुझं नाव! म्हणजे मालकी काढून घ्यायची आणि वर नाव द्यायचं. लाज वाटते मला.

एवढं लिहिलं आणि पुढे लिहवेना. उठले आणि वहिनीला फोन लावला.

सगळं सांगितलं, बिलासकट.

ती म्हणाली, "तुमच्या नावावर करणार होतात?"

"हो."

"मला न विचारता?"

"हो, वहिनी."

"ह्यांना काय वाटलं असतं, बेबीताई?" आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. मग तिनेच विचारलं, "सरळ मार्गाने करायचं तर काय करावं लागेल?" मी सांगितलं. शेठला खरं लिहून द्यावं लागेल की होडी तू आणि त्याने बांधली आणि मालक तू होतास. मग वारस म्हणून ती आणि श्रेया. वेळ लागेल, खेटे पडतील. "लागू दे," म्हणाली. "पहिलं नाव ह्यांचं लागलं पाहिजे. सोसायटीशी मी बोलते. तुम्ही या सहीला. जॅकेटं मी अधूनमधून उन्हात टाकते, चांगली आहेत अजून."

दादा, वर्षभर ती जॅकेटं उन्हात टाकत होती आणि मी पार्किंगमध्ये मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

फोन ठेवताना तिने विचारलं, "होडीचं नाव काय लिहिलंत?"

"प्रकाश."

ती हसली रे! वर्षाने हसली. "ह्यांनी ठरवलं होतं नाव. पाण्यात गेल्यावर तुम्हाला सांगणार होते. 'हक्काची'."

मी बिल फाडलं नाही. फाडलं की नवीन बनवता येतं, मी स्वतःला ओळखते. उद्या ते शेठच्या हातात परत देईन आणि तो तुझ्या नावाने खरं लिहून देईपर्यंत तिथून हलणार नाही. मग वहिनीच्या दारात जाईन. जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा जाईन, आणि यात कुठेही 'चालेल' म्हणणार नाही. नंबर मिळाला की नाव श्रेया रंगवेल, तिचं अक्षर तुझ्यासारखं आहे. होडी खाडीत उतरेल तेव्हा आम्ही त्रिसरण म्हणू. वहिनी आणि श्रेया तुझ्या होडीत बसतील. मी काठावर उभी राहीन. वहिनी स्वतःहून ये म्हणाली, तरच चढेन.

तुझी,
बेबी