सुपातला रस्सा

अहो,

धाकटी रागानं घराबाहेर पडलीय, मी तिला शोधायला चाललेय. फोनही इथेच टाकून गेली, जिवाला घोर लागलाय.

चूक माझीच. मांस सोडल्यापासून तिचं रक्त कमी झालं, म्हणून महिनाभर तिच्या भाज्यांच्या सुपात मी गुपचूप हाडांचा रस्सा घालत होते. तुम्हालाही बोलले नाही. आज तिला पातेल्यात हाड दिसलं. म्हणाली, "आई, भांडली असतीस तरी चाललं असतं. फसवलंस कशाला?"

माझ्याआधी ती आली तर ओरडू नका, माझी बाजूही घेऊ नका. ओट्यावर मसूर भिजत घातलेत. तुम्हीच तिच्यासमोर शिजवा. माझ्या हातचं ती आज खाणार नाही.

— मी