रुळांले चिंच लावतेत काय?

प्रिय भुपेंद्र,

प्रिय लिहिलं, पण डोकं तापलेलं आहे. बाबांची टेबलावरची छोटी आगगाडी चार दिवसांपासून बंद पडली अन् बाबा जेवून नाही राहिले, हे तुझ्या बायकोनं, रेणूनं, फोनवर रडत सांगितलं. तू काहून नाही सांगितलं? आपल्या आसगावच्या जुन्या घरी बाबांजवळ बसून मीच बनवली ना ती! पवनी रोडची खरी छोटी लाइन बंद झाली, तेव्हा जन्मभर तिथं रुळांचे सांधे बदलणारा पॉइंटमन राहिलेला माणूस रोज गाडीच्या टाइमाले चपला घालून बसून राहायचा. त्यांच्यासाठीच मी टेबलभर रूळ मांडले होते.

अन् तू त्या रुळांले चिंच घासली! का, तर पितळेसारखे दिसतात. पितळी भांड्यांच्या भंडाऱ्यात राहून तुले सगळीच भांडी दिसतात काय? चमक टिकावी म्हणून वरून खोबरेल तेल! अरे देवा! तेलावर धूळ चिकटली, चाकांले करंट मिळत नाही, गाडी चालंल कशी?

आता नीट वाच. आधी गाडी चालवायच्या कंट्रोलरचा प्लग काढ. ओल्या फडक्यानं चिंच पूस, कोरडं कर. मग स्पिरिट लावलेलं सुती फडकं रुळांवरून फिरव, काळं निघणं थांबेपर्यंत. चाकंही तशीच पूस. पॉलिश पेपर लावशील तर याद राख, चरे पडतात अन् मळ त्यातच बसतो. रुळांच्या जोडपट्ट्या ढिल्या असतील तर पकडीनं हलकेच दाब. कंट्रोलरपासून तीन ठिकाणी वायरी दिल्या आहेत, त्या मी उगाच नाही दिल्या, एकही तोडू नको. मशीनचं तेल फक्त इंजिनाच्या दात्यांले, सुईच्या टोकाएवढं. पहिले इंजिन एकटंच हळू फिरव, मग डबे जोड. अन् काम झालं की चादर झाकत जा रे!

लाखांदूरहून एसटीनं येऊन हे मी अर्ध्या तासात केलं असतं. पण मी माझ्या पसंतीनं लग्न केलं, तेव्हापासून चार वर्षं तुझ्या दारात मले मनाई. बाबांजवळ फोनही देत नाहीस. म्हणून हाताचं काम कागदावर लिहून राहिली. राग आहे, अन् तो राहीलच. गाडी फिरली की कंट्रोलर बाबांच्याच हातात दे. कोणी दुरुस्त केली, असं त्यांनी विचारलं तर खोटं बोलू नको. माझं नाव घे. त्या घरात त्यांच्या कानावर एकदा तरी पडू दे.

तुझीच मोठी बहीण,
उर्वशी