आपल्यातली म्हणून

नाना, तुम्ही गेल्यापासून मी तुमच्याशी मनातल्या मनात फक्त भांडत आले. आज भांडायला लिहीत नाही. एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती ऐकताना तुम्ही चष्मा काढून पुसायला लागाल हे मला ठाऊक आहे, कारण अवघड जागी सापडलात की तुम्ही तेच करायचात. अमेरिकेतल्या ज्या कॉलेजात तुम्ही मला पाठवलंत, ते दर हिवाळ्यात आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना एक काम सांगतं. तुमच्या गावातून ज्या मुलांनी अर्ज केलेत त्यांना भेटा, तासभर बोला आणि मूल कसं वाटलं ते आम्हाला कळवा. जागा मूठभर आणि अर्ज ढीगभर, त्यामुळे या कळवण्याला वजन असतं. शिकून, नोकरी करून मी परत आले तेव्हापासून ग्वाल्हेरात हे काम माझ्याकडे आहे. आई असती तर म्हणाली असती, बापाची परीक्षकाची खुर्ची लेकीनं बरोब्बर पटकावली.

ती तुमची खुर्ची मी विसरलेले नाही. आपल्या मराठी समाजाच्या गणपतीत मुलांची वक्तृत्व स्पर्धा असायची आणि परीक्षक कायम तुम्ही. मी शाळेत आहे, आईनं घट्ट वेण्या घातल्यात, माझं भाषण संपतं आणि टाळ्या थांबत नाहीत. मागच्या रांगेतल्या काकू एकमेकींना कोपरानं ढोसून सांगतायत, पहिला नंबर हिचाच. मग तुम्ही माईकपाशी येता, पहिला, दुसरा, तिसरा नंबर सांगता, आणि माझं नाव त्यात नसतं. सगळ्यात शेवटी, उत्तेजनार्थ म्हणून, ते घेता. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आई बोलत नव्हती, तिचं लाटणं बोलत होतं. शेवटी तिला राहवलं नाही. "अहो, आपल्याच मुलीसोबत असं कोणी करतं का?" तुम्ही चष्मा पुसलात. "पहिली तीच होती," म्हणालात. "गुण मी कापले. नाहीतर उद्या पूर्ण समाज म्हणाला असता, परीक्षकानं घरातच बक्षीस वाटलं." मी दाराआड उभी होते हे तुम्हाला माहीत होतं आणि तरीही तुम्ही आवाज खाली केला नाहीत. जगात आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. आपल्या घरात मात्र उलटा कारभार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटणकर बाजारातून तुम्ही माझ्यासाठी गरम बेडई पुरी आणि भाजी घेऊन आलात. मी हात लावला नाही. ती गार होईपर्यंत तुम्ही समोर बसून राहिलात, मग उठून ऑफिसला गेलात.

पुढे कॉलेजसाठी अर्ज केला तेव्हा माझी मुलाखत दिल्लीतल्या एका वकिलांनी घेतली होती. तुम्ही मला आगगाडीनं घेऊन गेलात आणि त्यांच्या ऑफिसबाहेर जिन्यात बसलात. आत जाताना एवढंच म्हणालात, "फुगवून सांगू नकोस." नंतरचा तो हिवाळा मला अजून आठवतो. थाटीपुरच्या आपल्या सरकारी क्वार्टरच्या फाटकाशी पोस्टमनची सायकल दिसली की तुम्ही घाईघाईनं तुळशीला पाणी घालायला निघायचात, जणू तुमचा त्या सायकलशी काही संबंधच नाही. बिचारी तुळस त्या थंडीत पाण्यानंच कुजली. मी घरात अभ्यासाचं सोंग करायची आणि आई आम्हा दोघांना हसायची. पत्र आलं, मी गेले. बऱ्याच वर्षांनी ते वकील भेटले तेव्हा म्हणाले, "तुझ्याविषयी लिहिताना मी हात राखला नव्हता." ते ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मला तुमचा राग आला. परक्या माणसानं ओंजळ भरून दिलं आणि घरच्यानं काढून घेतलं, असं मी तेव्हा मनाशी पक्कं केलं, आणि तुम्ही आजारी असताना उशाशी बसले तेव्हाही ते मनातून गेलं नव्हतं.

आता या जानेवारीतलं सांगते. एक मुलगी आली, गावातल्याच हजीऱ्याची. सिटी सेंटरमधल्या एका कॉफीच्या दुकानात आम्ही भेटलो. बाहेर धुकं होतं, तिच्या स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. माझं आडनाव तिनं आधीच पाहून ठेवलं होतं. "मॅडम, तुम्ही मराठी ना? अरे वा, मग तो टेन्शनच संपलं!" असं आपल्या ग्वाल्हेरी, हिंदी मिसळलेल्या मराठीत म्हणून ती मोकळी हसली. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून मराठ्यांच्या फौजेबरोबर आलेले, वडील आता बॅटऱ्यांच्या दुकानात. तिच्या गल्लीत नळाला एक दिवसाआड पाणी येतं आणि ज्याच्या घरी टुल्लू, म्हणजे नळातून पाणी खेचणारा पंप, त्याचीच टाकी भरते. या मुलीनं घरोघर जाऊन लोकांना टुल्लू काढायला लावले होते. मी विचारलं, सगळ्यात आधी कोणाकडे गेलीस? "आपल्याच काकांकडे," ती म्हणाली. "घरचाच टुल्लू चालू, तर दुसऱ्यांना कोणत्या तोंडानं सांगणार? काका अब बोलत नाहीत माझ्याशी. दिवाळीला भी नाही आले." हे सांगताना तिचे डोळे भरले आणि ती लगेच कॉफीच्या कपात बघायला लागली. इतक्या वर्षांत इतकं खरं बोलणारं मूल माझ्यासमोर बसलं नव्हतं, नाना. मी मनात म्हटलं, ही गेलीच पाहिजे.

आणि मग ती म्हणाली, "आजी तुमच्या नानांना ओळखायची. गणपतीत ते स्पर्धा घ्यायचे ना? पप्पांना त्यांनी एकदा बक्षीस दिलं होतं." झालं. माझी पाठ ताठ झाली. ही आपल्यातली आहे, हिची आजी देवळात कोणाकोणाशी बोलणार, उद्या लोक म्हणणार की मराठी बाईनं मराठी मुलीला लावून दिलं. मी इंग्रजीत प्रश्न विचारायला लागले. ती गोंधळली, शब्द शोधत बोलू लागली, आणि निघताना दोनदा थँक्यू म्हणाली. घरी येऊन मी अभिप्राय लिहायला बसले. सगळ्यात वरचा शेरा निवडला, थोडा वेळ त्याकडे बघितलं आणि एक पायरी खाली आणला. टुल्लूच्या कामाविषयी लिहिलं, प्रयत्न चांगला, आवाका लहान. त्या कॉलेजात नुसतं चांगलं म्हणजे नको, हे मला पक्कं माहीत आहे. दर वर्षी बघते. तरीही पाठवून दिलं, आणि खोटं कशाला बोलू, पाठवल्यावर मला फार स्वच्छ वाटलं. कपाळाला गंध लावल्यासारखं.

ते स्वच्छ वाटणं मार्चपर्यंतसुद्धा टिकलं नाही. निकाल लागेपर्यंत ती मला अधूनमधून मेसेज करायची, "मॅडम, काही कळलं का?" आणि मी लिहायची, धीर धर. तेव्हा माझ्या लक्षात येत गेलं. ओळख निघाली असं कॉलेजला कळवलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी तिच्याशी फोनवर बोलायला लावलं असतं. एक ओळ लिहायची होती. तुम्हीसुद्धा त्या वर्षी म्हणू शकला असतात की माझी मुलगी भाग घेतेय, यंदा परीक्षक दुसरा बघा. आपल्याला खुर्चीही सोडायची नव्हती आणि नावही राखायचं होतं. त्याची किंमत दोन्ही वेळा एका मुलीनं दिली. आपण याला न्याय म्हणत आलो, नाना. हा नुसता भित्रेपणा आहे, इस्त्री केलेला.

तिला घेतलं नाही. निकालाच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. रडून झालं होतं, आवाजावरून कळत होतं. तिनं तक्रार केली नाही. "मॅडम, तुम्ही तो अच्छाच लिहिलं असेल, मला माहीत आहे," म्हणाली. "पण माझ्यात कमी काय राहिली? सांगा ना. एक साल रुकून परत भरेन फॉर्म, तेव्हा तेवढं ठीक करून घेईन." मी खिडकीशी उभी होते. खाली भाजीवाला ओरडत होता. काही कमी नव्हती, हे तीन शब्द म्हणायचे होते. मी म्हटलं, "थोडा आत्मविश्वास कमी पडला तुझा. बोलताना अडखळलीस." अडखळली होती खरी. मी इंग्रजीत शिरले त्यानंतर.

काल तिच्या आईचा फोन आला, आभार मानायला. म्हणाल्या, "ताई, तुम्ही सांगितलं ना, तेव्हापासून रोज सकाळी आरशासमोर उभी राहते आणि जोरजोरात इंग्रजी बोलते. आता तर घरात भी आमच्याशी कमीच बोलते. म्हणते, अगोदर ठीक बोलायला शिकू दे." त्यांचा आवाज कौतुकाचा होता. मी "हो, हो, छान" म्हणत राहिले.

तुम्ही माझे गुण कापलेत, पण माझ्यात खोट आहे असं मला कधी सांगितलं नाहीत. पहिली तीच होती, असं आईला सांगितलंत, मला ऐकू जाईल अशा आवाजात. ते मी इतकी वर्षं तुमच्या गुन्ह्यात मोजलं. ते तुमचं माफी मागणं होतं हे मला काल संध्याकाळी कळलं, आणि फार वाईट वाटलं.

सकाळपासून त्या मुलीला फोन करायला बसले आहे. नंबर लावते आणि कापते. मग कागद ओढून तुम्हाला लिहायला घेतलं, कारण तुम्ही काही विचारणार नाही, आणि ती विचारेल.