धुराड्याची इभ्रत

चि. चिमे,

तुझ्या हट्टी बापाचा आशीर्वाद. मी ठीक आहे. आईचा गुडघा कसा आहे? माझ्या खोकल्याचं तिला सांगू नकोस.

सोमवारी आमच्या वीजघरात कोळसा वाहून नेणारा पट्टा तुटला, बॉयलर थंड पडला. दिवसभर सगळं शहर पवनचक्क्यांवर चाललं, एक दिवा लुकलुकला नाही! आणि साहेब म्हणतो, "पाहुणे यायचेत, धुराड्यातून धूर दिसू दे." तीस वर्षं बॉयलर सांभाळलेल्या तुझ्या बापाला त्याने भट्टीत जुनी पोती जाळायला लावली गं! मी खोकतोय तो त्यापायी.

रोज इतका वारा सुटणार नाही, हे मी आजही म्हणेन. पण तू पवनचक्कीवर नोकरी धरलीस म्हणून वर्षभर अबोला धरला, तो आज सोडला. रागवायला आता साहेब पुरेसा आहे.

तुझा,
बाबा