वीरगळांवरचा माझा निबंध

१ ऑगस्ट १९७४
प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं: दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एका प्राध्यापकाने आपलं संशोधन सहकाऱ्यांपुढे मांडायचं. त्यातला उत्तम निबंध कोल्हापूरच्या परिषदेला जाणार. बोलताना ते माझ्याकडेच पाहत होते. साहजिक आहे. 'दक्षिण सोलापुरातील वीरगळ: एक चिकित्सक अभ्यास.' शीर्षक केव्हाचं तयार आहे. फक्त लिहायचं राहिलंय.

२ ऑगस्ट
पहिला मान बॉटनीच्या बिरदेव कोळेकरला! सांगोल्याकडचा पोरगा, नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षं, वर्गातसुद्धा 'लई' म्हणतो. विषय काय, तर टारफुला. ज्वारीतलं तण! तणावर कसलं आलंय संशोधन? दिसलं की उपटावं.
अभिनंदन केलं. अगदी मनापासून. हात जरा जोरात दाबला गेला असेल.

१८ ऑगस्ट, रविवार
पहाटे उठून लिहिणार होतो. गिरणीच्या भोंग्याने झोपमोड झाली, मग ती पुरी करणं भाग पडलं. दुपारी फील्डवर्क. अक्कलकोटची एसटी. कुंभारीजवळ खिडकीतून एक वीरगळ दिसला, जुन्या वीराचा कोरीव दगड. मैलाचा दगडही असू शकेल, गाडी वेगात होती. ऊन फार, म्हणून उतरलो नाही.
येताना कोळेकर दिसला. वळसंगहून सायकलवर, कॅरिअरला मातीसकट उपटलेली ज्वारी. घामाने निथळत होता. त्याने हात केला. मी पेपर तोंडापुढे धरला.

६ सप्टेंबर
उद्या त्याचं व्याख्यान. एकच प्रश्न तयार केलाय: "याचा समाजाला उपयोग काय?" आरशासमोर तीन सुरांत म्हणून पाहिला. जगदेवी म्हणाली, अहो, त्याच्यापेक्षा तुमचा निबंध लिहा की. बायकोला संशोधनाची पद्धत कोण समजावणार?

७ सप्टेंबर
स्टाफरूम भरलेली. कोळेकरने टारफुल्याचं रोप हातोहात फिरवलं. "वरनं बघा, हिरवंगार, पांढरी फुलं. पर खाली ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचाच रस पितंय."
मी उठलो. प्रश्न विचारला. सूर दुसरा लावला.
"लई चांगलं इचारलं सर तुमी," म्हणाला, आणि बोलतच सुटला. आमचं पाच एकर रान ह्यानंच बुडवलं म्हणाला. ज्वारी उभी दिसायची, कणसात दाणा नसायचा. आई केराबाई मेंढरं घेऊन परमुलखात गेली, तो मामाकडे राहून शिकला. इकॉनॉमिक्सच्या दाक्षायणी मॅडमनी डोळे पुसले. टाळ्या थांबेनात.
माझ्या प्रश्नामुळेच व्याख्यान रंगलं. हे कुणाच्याही लक्षात आलं नाही.
चहाच्या वेळी प्राचार्य त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. बराच वेळ. माझ्या खांद्यावर त्यांनी कधी हात ठेवलेला नाही.
मी मोठ्याने सांगितलं, पुढच्या महिन्यात मी!

२९ सप्टेंबर
नवे फुलस्केप कागद, नवी शाई. पहिलं वाक्य दमदार हवं. दिवसभर त्याचीच वाट पाहिली. कोळेकरसारखं काहीही सांगून रडवणं सोपं असतं. दगडावर रडवून दाखवा म्हणावं.

३ ऑक्टोबर
घशात खवखव. व्याख्यान परवा. ताप येणार बहुतेक.

४ ऑक्टोबर
ताप आला. जगदेवी म्हणाली, अंग तर गार हाय की. आतला ताप बाहेरून कळत नाही. शिपायाबरोबर रजेचा अर्ज धाडला. अंगावर सोलापुरी चादर ओढून पडलो. बरं वाटलं.
संध्याकाळी सायकलची घंटी. कोळेकर! डाळिंबं घेऊन.
"सर, एवढं मोठं काम तुमचं, वाया जाऊ नये. निबंध द्या, उद्या मी वाचतो. नाव तुमचंच."
म्हटलं, माझं अक्षर लागायचं नाही.
"मग तुमी सांगा, मी लिवून घेतो."
कागद त्याने टेबलावरूनच घेतले. शीर्षक सांगितलं. सुरेख अक्षरात लिहिलं त्याने, खाली रेघ मारली. मग पेन उचलून माझ्याकडे बघत बसला. मी खोकलो. पाणी मागितलं. पाणी प्यालो. तो तसाच, पेन वर. मी आढ्याकडे पाहिलं. वीरगळाबद्दल एक तरी गोष्ट मला ठाऊक असेल, असं सकाळपर्यंत वाटत होतं.
त्याने पेनाला टोपण लावलं. वाकून माझ्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं. त्याचा हात थोडा वेळ तिथेच राहिला.
"लई ताप हाय सर," तो म्हणाला. "पडून राहा तुमी."
दारात चपला घालताना जगदेवीला हळूच सांगत होता, "वैनी, कॉलेजात कुणी काय बोलणार न्हाय. मी बघतो."
मी डोळे मिटून पडून राहिलो.