अकराव्या विहिरीवरील मातीत मिळालेल्या पाण्याबाबत

प्रति,
मा. कायदसाहेब (विभाग अधिकारी),
तिगरा खोरे विभाग कार्यालय

विषय : भावाच्या मृत्यूची तारीख मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाची दोन उत्तरे. दोन्हींत तारीख नाही.

महोदय,

१. मी बासू उ-झायद, गावाला पाणी आणणाऱ्या भुयारी पाटाचा मुकादम. गेल्या वर्षी आमच्या गावामागचे माळरान मंगळ म्हणून जाहीर झाले. मंगळाच्या मातीत पाणी सापडल्याने, पुढे तेथे जाणाऱ्या माणसाने ते कसे काढून प्यावे याची तालीम परदेशी पाहुणे येथे करतात. त्यांचे यंत्र माती भाजून पाणी काढते. कोणाची तहान भागत असेल तर माझी हरकत नाही.

२. परंतु यंत्राला मंगळास शोभणार नाही इतके पाणी मिळू लागले. ते आमच्या पाटाचे होते. म्हणून पाट तोडून त्यात उतरण्याच्या सर्व विहिरी बुजवण्याचा आपला हुकूम झाला. गावाचे पाणी गेले, त्याबद्दल हा अर्ज नाही.

३. आमच्यात रीत अशी की, खाली उतरणारा वहाणा विहिरीच्या तोंडाशी काढतो. वहाणा दिसल्या तर आत माणूस आहे. १२ मार्च रोजी धाकटा भाऊ मिमून हत्यारे आणायला अकराव्या विहिरीत उतरला. मंगळावर वहाणा नसतात, म्हणून पाहुण्यांच्या माणसाने त्या उचलून कचऱ्यात टाकल्या. मला त्या दिसल्या नाहीत. "आत कोणी नाही, भरा," असे मीच म्हणालो आणि आपल्या कागदावर सही केली.

पुढे दोन दिवस पाहुण्यांच्या यंत्रावर जमिनीखालचे ठोके उमटले. ते वहीत 'भूहालचाल' म्हणून लिहिले आहेत. तिसऱ्या दिवशी नोंद नाही.

४. तालीम संपेपर्यंत ती जागा उकरता येणार नाही, असे मला सांगण्यात आले. प्रेत नाही म्हणून दाखला नाही. आपले कारकून म्हणाले, "अहो बासूबाबा, मंगळावर माणूस मरेल कसा? तिथं अजून कुणी गेलंच नाही!" सगळे हसले. अर्ज त्यांच्या हातात होता म्हणून मीही हसलो. त्याची मला लाज वाटते.

५. तारखेवाचून मिमूनची बायको इट्टो हिची चार महिने दहा दिवसांची इद्दत, म्हणजे विधवेचा शोककाळ, सुरू होत नाही. ती मला रोज विचारते, "भावजी, पांढरं कधी नेसू? नवरा मेलाय का मंगळावर गेलाय?" काल म्हणाली, "सही करायच्या आधी एक हाक मारली असती, तर तुमचं काय जात होतं?"

६. आता पाट कोरडा असूनही अकराव्या विहिरीवरच्या मातीतून यंत्राने एक बाटली पाणी काढले. चाळीस वर्षे मी या जमिनीखाली वावरलो आहे. तेथे ओले असे एकच उरले होते, माझा भाऊ. येत्या शुक्रवारच्या समारंभात ते पाणी पाहुणे व आपण घोट घोट पिणार असल्याचे कळते.

समारंभ थांबवा म्हणण्याची माझी पायरी नाही. बाटली ज्या दिवशी रिकामी होईल, तीच तारीख मिमूनच्या मृत्यूची म्हणून नोंदवावी, एवढीच विनंती.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
बासू उ-झायद
क्सार ऐत-उसर, तफिलालत
२२ एप्रिल

सोबत : इट्टोच्या निकाहनाम्याची प्रत.